पांढरा बुरांस

आमच्या बाजारात कुणालाही विचारा, डबल सिंह फर्स्वाणनं जन्मभर काय केलं, तर उत्तर एकच मिळेल: बुरांसाचं लालभडक फूल पांढरं केलं. सांगणारा हसेलसुद्धा. हसणाऱ्यांची नावं मी अजून लक्षात ठेवून आहे, कारण डबल सिंह माझे थोरले भाऊ. मी त्यांना भैजी म्हणायचे, ते मला भुली म्हणायचे. आज ते नाहीत आणि त्यांनी घातलेली शपथ त्यांच्याबरोबर संपली, म्हणून सांगते.

आमचा स्टुडिओ म्हणजे पुढे दुकान आणि मागे अंधारी खोली. माझा नवरा फौजेत गेला तो परत आला नाही. मी माहेरी आले, तेव्हा भैजींनी माझ्या हातात काडीला गुंडाळलेला कापूस आणि रंगाच्या वड्या दिल्या. त्यानंतर बावीस वर्षं मी त्यांच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवर रंग चढवला. रजेवर आलेल्या शिपायांचे गाल गुलाबी केले, नवरीमुलींच्या नथी पिवळ्या केल्या आणि साडीचा रंग चुकला म्हणून सासवांच्या शिव्या खाल्ल्या. भैजी रंगाला बोट लावायचे नाहीत. माझी फळी वेगळी, त्यांची वेगळी.

माणसांचे फोटो ते पोटासाठी काढायचे. जीव रानफुलांत. फ्यूंली म्हणजे आमच्याकडची अगदी साधी गोष्ट, दगडाच्या फटीत उगवणारं पिवळंधमक फूल. बघितलं, पिवळं म्हटलं, पुढे गेलं. भैजींच्या फोटोत ती फ्यूंली उभी असायची तेव्हा तिच्या पाकळीची रेघ न् रेघ मोजता यायची. पाकळी इतकी पातळ की मागचा देठ तिच्यातून दिसे. पहिल्यांदा तो फोटो पाहिला तेव्हा मी अंगणात जाऊन खरी फ्यूंली तोडून आणली होती, खरंच असं असतं का ते बघायला. असतं.

भांडण होतं ते बुरांसवरून. चैतात आमचा अख्खा डोंगर बुरांसानं लाल होतो. भैजींच्या फोटोत मात्र तो बुरांस दुधासारखा पांढरा आणि पानं काळीकुट्ट. त्यांच्याकडे भिंगापुढे लावायची एक लाल काच होती. ती लावली की लाल उजळतं आणि हिरवं काळवंडतं, एवढं मलाही ठाऊक होतं. पण दरवर्षी तोच हट्ट कशाला, ते कळत नव्हतं.

समोरच्या चहावाल्या मंगसीरूला तर आयतं कोलीत मिळालेलं. अठराव्या वर्षी भैजी लान्सडाऊनला भरतीला गेले आणि छाती अर्धा इंच कमी पडली म्हणून परत आले, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत. ज्या गावात घरटी एक फौजी, तिथे अर्धा इंच कमी पडणं म्हणजे जन्माची शोभा. "अर्ध्या इंचानं फौज हुकली," मंगसीरू गिऱ्हाइकांना सांगायचा, "तेव्हापासून डोकंही अर्धा इंच सरकलंय. नाहीतर बुरांसाला कोण चुना लावतं?" भैजी ऐकायचे आणि चहाचा गिलास धुऊन परत द्यायचे.

खरं सांगायचं तर मीही कमी नव्हते. लहानपणी फूलदेईच्या सणाला आम्ही पोरं पहाटे टोपल्या घेऊन फुलं वेचायला पळायचो, भुंग्यानं उष्टी करण्याआधी. मग घरोघरच्या उंबऱ्यावर ती ठेवायची आणि गूळ-तांदूळ घ्यायचे. बाकीची पोरं बुरांस लांबून हेरून झाडावर चढायची. भैजींच्या टोपलीत जेमतेम फ्यूंली, बुरांस एकही नाही. मी चार वर्षांनी लहान, पण सगळ्यांसमोर ओरडायचे, "आमच्या भैजीची टोपली रिकामी! आळशी!" आणि मग माझ्यातली अर्धी फुलं त्यांच्या टोपलीत ओतायचे. फार मोठे उपकार केल्यासारखी.

तर त्या वर्षी, फूलदेई होऊन चार दिवस झाले असतील, डेहराडूनहून थपलियाल मॅडम आल्या. जंगलखात्याकडून आमच्या जिल्ह्याच्या रानफुलांचं पुस्तक निघणार होतं. पासपोर्टचा फोटो काढायला म्हणून त्या दुकानात शिरल्या आणि भिंतीपुढे उभ्याच राहिल्या. फ्यूंली बघितली, पयां बघितली, भिंतीवरचं एकही फूल सोडलं नाही.

"हे सगळे तुम्ही काढलेत?" त्यांनी विचारलं.

"कॅमेऱ्यानं," भैजी म्हणाले.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, पुस्तकासाठी असाच माणूस हवा आहे, पण पुस्तक रंगीत आहे. पिशवीतून त्यांनी छत्तीस फोटोंचा रंगीत रोल काढून काउंटरवर ठेवला. तीन आठवड्यांनी त्या परत येणार होत्या. बुरांसाचा चांगला फोटो निघाला तर सगळं पुस्तक भैजींचं, नाहीतर डेहराडूनचा एक फोटोवाला तयारच होता.

"मला रंगीत जमत नाही," भैजी म्हणाले.

मॅडम गेल्यावर मी तोंड सोडलं. तीस वर्षांचं काम या चार भिंतींत कुजतंय. कुणी बघितलं नाही, कुणी बघणार नाही, आणि आज घरी चालून आलंय तर नखरे. पुस्तकावर फर्स्वाण नाव छापून आलेलं मला एकदा, मरायच्या आधी एकदा, बघायचं होतं. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "इथेही अर्धा इंच कमी पडतोय वाटतं."

मंगसीरूनं हजारदा म्हटलेलं ते, मी कधी म्हटलं नव्हतं. भैजींनी रोल उचलला आणि खिशात टाकला.

त्याच आठवड्यात वरच्या रानात एका रात्री दंव गोठलं आणि तिथला बुरांस करपला. खालच्या रस्त्यावरून कुणालाही दिसत होतं, खालचा डोंगर लाल आणि वरचा चहाच्या चोथ्याच्या रंगाचा. भैजी पहाटे निघाले ते दिवस मावळताना आले. रोल बसच्या ड्रायव्हरबरोबर डेहराडूनला धुवायला गेला. पाकीट परत आलं तेव्हा मॅडम यायला एकच दिवस उरला होता.

पाकीट मीच फोडलं. काय फोटो होते! एकेक गुच्छ असा धरलेला की हात पुढे करावा. उजेड मागून पाकळ्यांवर आलेला, एका फुलाच्या काठावर मुंगी. आणि सगळी फुलं करपलेली. आकार जसाच्या तसा, पण रंग चहाच्या चोथ्याचा. मागे लांबवर खालची लाल झाडं अंधूक दिसत होती. म्हणजे हा माणूस फुललेलं अख्खं रान ओलांडून वर चढला आणि मेलेल्या फुलांवर रोल संपवून आला. खालच्या झाडांचे दोनच फोटो होते, अगदी सुरुवातीचे.

मी सगळे काउंटरवर आपटले. "मुद्दाम केलंत! मला खोटं पाडायला!"

भैजींनी एकेक फोटो उचलला, खिडकीशी नेला. "यात वाईट काय आहे?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते.

मला काहीतरी विचित्र वाटलं. मी खालच्या झाडाचा एक लालभडक फोटो घेतला, वरचा एक करपलेला घेतला आणि शेजारी शेजारी ठेवले. "यातलं ताजं कुठलं?"

त्यांनी खूप वेळ बघितलं. खालचं फूल जरासं कललेलं होतं, करपलेलं ताठ होतं. त्यांनी करपलेल्यावर बोट ठेवलं.

माझ्या तोंडात पुढची शिवी तयार होती. ती तिथेच राहिली.

"दार लावून घे," भैजी म्हणाले. मग स्टुलावर बसून, काउंटरकडे बघत, त्यांनी सांगितलं. लान्सडाऊनला डॉक्टरनं एक पुस्तक उघडलं होतं, पानभर नुसते ठिपके. आकडा वाच म्हणाला. पुढच्या पोरानं धडाधड वाचले. यांना ठिपकेच दिसले. भैजींच्या डोळ्यांना लाल आणि हिरवं वेगळं नव्हतं, कधीच नव्हतं. खालची फुलं पानांत बुडालेली, वरची तेवढी सुटी दिसली, म्हणून वर चढले होते.

"आणि छाती?" मी विचारलं.

"छाती दोन इंच जास्त होती."

मला रडू फुटलं. सदतीस वर्षं हा माणूस अर्धा इंच ऐकत होता. माझ्याकडूनसुद्धा.

"सांगायचं ना हो!"

"काय सांगू? फौज गेली होतीच. डोळे अधू म्हटलं असतं तर फोटो काढून घ्यायला कोण आलं असतं?" त्यांनी खिशातून ती लाल काच काढली, धोतराच्या टोकानं पुसली. "घरी यायला तोंड नव्हतं, म्हणून तिथल्याच बाजारात उनियालजी फोटोवाल्यांकडे झाडू मारायला राहिलो. चैत होता. त्यांची ही काच पुसता पुसता सहज डोळ्याला लावली आणि खिडकीबाहेर बघितलं. भुली, तुम्ही सगळे फूलदेईला कशाबद्दल आरडाओरडा करायचात, ते मला त्या दिवशी कळलं."

मी काच घेऊन मागच्या अंगणात गेले. तिथे आमचं जुनं बुरांसाचं झाड आहे. काच डोळ्याला लावली. पानं काळी पडली आणि सगळ्या झाडभर फुलं पेटली, एकेक सुटी, एकेक मोजण्यासारखी. बावीस वर्षं मी ज्याला हट्ट म्हणत होते, तो या माणसाचा चैत होता. तिथे उभी राहून मी माझ्याच थोबाडीत मारून घेतली, खरंच मारली.

आत आले तर भैजी फोटो पाकिटात भरत होते. "मॅडमना म्हणावं, म्हाताऱ्याला जमलं नाही. आणि तुला माझी शपथ, यातलं कुणाला बोलायचं नाही. गावाला अर्धा इंच माहीत आहे, तेवढाच राहू दे."

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. भैजी अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले, दार लावून. मी रंगीत पाकीट दाखवलंच नाही, रोल बिघडला म्हणाले. मॅडमचा चेहरा उतरला. त्या उठायला लागल्या तशी मी भिंतीवरचा पांढरा बुरांस काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"हा घ्या."

"दीदी, फोटो सुंदरच आहे. पण लोक म्हणतील बुरांस पांढरा असतो."

"कोण म्हणेल? लाल असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून तर कुणी बघत नाही." मी माझ्या फळीखालून एक जुना फोटो काढला. हाच बुरांस, भैजींच्या नकळत मी एकदा लाल केलेला, मोठ्या हौसेनं. दोन्ही शेजारी ठेवले. "हे माझं काम. बघा. आतले ठिपके माझ्या लालखाली गेले. पाकळीच्या कडेचं पाणी गेलं. हे केसर, दहाच्या दहा, भैजींच्यात मोजता येतात. माझ्यात मोजून दाखवा." माझा आवाज चढला होता. "रंग भरून मी पोट भरलंय, मॅडम, रंगाला नावं ठेवत नाही. पण मी या फुलाला नुसतं लाल केलं, भैजींनी ते फूल बघितलं. तुम्हाला लाल पाहिजे तर तो डेहराडूनचा आहेच."

मॅडमनी चष्मा काढून फोटो नाकाशी धरला. त्यांचे ओठ हलत होते. केसर मोजत होत्या.

पुस्तक काही भैजींचं झालं नाही. मुखपृष्ठावर डेहराडूनवाल्याचा लाल बुरांस आला, आतली फुलंही त्याचीच, चांगली आहेत. पण पहिलं पान उलटलं की भैजींचा बुरांस येतो, पूर्ण पानभर, पांढरा. सगळ्या रंगीत पुस्तकात तेवढाच एक. खाली नाव: डबल सिंह फर्स्वाण. ते पान बघून मंगसीरू म्हणाला, "च्यायला, यानं सरकारलाही अर्धा इंच सरकवलं!" दोन इंच माझ्या जिभेवर आले होते. मी चहाबरोबर गिळले.

पुढच्या फूलदेईला पहाटे दाराशी खुडबुड झाली. पोरं आली समजून मी गूळ-तांदूळ घेऊन दार उघडलं. उंबऱ्यापाशी भैजी ओणवे झाले होते, छप्पन्न वर्षांचे, गुडघ्यांना माती लागलेली. गळ्यात दोरीनं लाल काच बांधली होती. टोपली बुरांसानं शिगोशीग भरली होती आणि ते एकेक फूल माझ्या उंबऱ्यावर मांडत होते.

"भुली," ते मान वर न करता म्हणाले, "लाल आहेत ना?"

मी खाली बसले. एक करपलेलं होतं. ते मी पदराखाली घेतलं.

"लाल आहेत, भैजी."

"सगळी?"

"सगळी."