अनंताची आंबट आवड

मुरुडच्या कोळीवाड्यात केसरच्या दारातल्या कुंड्यांचं सगळ्यांना कौतुक. कालवणातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या ती कधी फेकत नसे. काही कुंडीच्या तळाशी घालायची, बाकीच्या चुलीत भाजून, कुटून मातीवर भुरभुरायची. तिची तुळस, कोरफड, सदाफुली त्यावरच तरारली होती.

अडला तो फक्त अनंत. समुद्रापासून लांब, माणगावला राहणाऱ्या नव्या विहीणबाई नीराबाईंनी हे रोप दिलं होतं. देताना म्हणाल्या, "जपा हो. समुद्राकाठी टिकतंय की नाही, देव जाणे!" ते बोलणं केसरच्या घशात काट्यासारखं रुतून बसलं होतं. आता नारळी पौर्णिमेला त्या पहिल्यांदाच घरी यायच्या होत्या, आणि अनंताची पानं पिवळी, नुसत्या शिरा हिरव्या. पानं जितकी पिवळी पडत, तितका केसर शिंपल्यांचा चुरा वाढवत होती.

"आजी, थांब!" सहावीतल्या ऋतिकानं तिची मूठ धरली. शाळेत शिकलेली गंमत तिला करून बघायची होती. तिनं कागदावर जास्वंदीच्या पाकळ्या चोळल्या. कागद जांभळा झाला. त्यावर लिंबाचा थेंब टाकला, तिथं गुलाबी डाग. मग चुऱ्याचं पाणी टाकलं, तिथं हिरवट. शेवटी कुंडीतली माती पावसाच्या पाण्यात कालवून, निवळू देऊन तो थेंब टाकला. पुन्हा हिरवट!

"तुझ्या शिंपल्यांच्या चुन्यानं माती आंबटाच्या उलटी झालीय. लोह आहे, पण मुळांना घेता येत नाही."

"चल गो! तुलशीला बरं चालतं?"

"तुळशीला चालतं. अनंताला जरा आंबट माती लागते. तू नाही का, पापलेट मिटक्या मारत खातेस, पण तळ्यातला मासा तोंडात धरत नाहीस!"

केसरला हे मात्र पटलं. दोघींनी रोप उपसलं. पोरगी मुळांतली एकेक शिंपली अशी अलगद सोडवत होती, जणू जाळ्यात गुंतलेला मासाच. एक तंतू तुटू दिला नाही. केसर बघतच राहिली. जांभळीखालची कुजल्या पाल्याची माती भरली. विहिरीचं क्षाराचं पाणी बंद, पागोळ्यांचं पाणी सुरू. ऋतिका रोज शाळेत जाण्याआधी शेंडा बघून जायची.

पौर्णिमेला नीराबाई आल्या, त्या थेट कुंडीपाशी. खालची पानं अजून पिवळीच होती. शेंड्याला मात्र दोन नवी, तेल लावल्यासारखी हिरवीगार.

"खाऱ्या वाऱ्यानं पिवळा पडला वाटतं?"

हो म्हणून सुटता आलं असतं. केसरनं शेंड्याकडे पाहिलं, मग नातीकडे.

"न्हाय हो. मीच चुना घालून मारत होते. या पोरीनं वाचवला. ऋतिके, आण गो तुझा कागद!"

नीराबाई ओट्यावर बसून शेवटच्या थेंबापर्यंत बघत राहिल्या. निघताना हळूच म्हणाल्या, "दोन कागद मलाही दे गं. माझाही अनंत पिवळा पडलाय."

"का हो," केसर पदराआड हसली, "माणगावातबी खारा वारा लागतो?"