निळा डाग

भावाच्या पायावर तापलेली इस्त्री पडली, तेव्हा आम्ही त्याला हसलोच होतो. लाँड्रीवाल्याच्या घरात भाजणं म्हणजे काय नवल! पण जखम चिघळली. एकेक करत सगळी अँटिबायोटिक्स वाया गेली, जंतूंनी कशालाच दाद दिली नाही. पाय कापायची भाषा सुरू झाली.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक शेवटचा उपाय करून बघू. हे निळं औषध जखमेत सोडायचं, जंतूंमध्ये मुरेपर्यंत अंधारात थांबायचं, मग त्यावर लाल दिवा धरायचा. उजेड पडला की औषध जंतूंना मारतं. अजून चाचणीतलं आहे, एवढी एकच कुपी मिळालीय."

औषध सोडलं, पडदे ओढले. बाई दिवा आणायला गेल्या, मी चहा आणायला. भावाजवळ बाबा बसले.

परत येते तर काय, बाबांच्या हातात सलाईनने भिजवलेला कापूस, आणि जखम धुऊन लख्ख!

"अहो बाबा, हे काय करून बसलात?"

"अगं, डागावर इस्त्री फिरवली की डाग कायमचा बसतो. तो दिवाही तापणारच ना? म्हटलं, आधी साफ करून ठेवावं."

बाई आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. उरल्यासुरल्या औषधावर त्यांनी दिवा धरला. काही उपयोग झाला नाही. ताप चढतच गेला.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाबांवर तोंडाचा पट्टा सोडला. जन्मभराची अक्कल नको तिथे पाजळलीत, पोराला लंगडं केलंत, असलं काय काय बोलले. मला राग आवरतच नव्हता.

"ताई, पुरे गं," भाऊ स्ट्रेचरवरून म्हणाला. "औषध लागू पडलंच असतं, असं कुणी लिहून दिलं होतं?"

त्याला आत नेलं. दार बंद झालं. बाबा बाकावर बसले.

"मी पुसत होतो ना," ते म्हणाले, "तेव्हा तो म्हणत होता, बाबा, राहू द्या, बाईंना विचारू. दोनदा म्हणाला."

"मग?"

"मी म्हटलं, गप पड, तुला काय कळतंय."