दुसऱ्या नळीचं पाणी

शेडमध्ये पाय ठेवला आणि दामिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणखी एका मादीची पिल्लं मरून पडली होती. उरलेल्या सशांच्या बरगड्या हाताला लागत होत्या, शेपट्या जुलाबानं बरबटल्या होत्या.

तेल्हाऱ्याजवळच्या या गावात सशांची शेड टाकणारी ती पहिलीच. गावानं दात काढले, पण नळाच्या पाण्यावर ससे असे टरारले की बघत राहावं! उन्हाळ्यापासून मात्र सगळं बिघडलं. तिनं खाद्य बदललं, अकोल्याच्या खाद्यवाल्याची बिनपाण्यानं केली. सासरे खुशालराव ओसरीत बसून एकच म्हणायचे, "सूनबाईच्या हाताले यशच नाही. इकून टाका." नवरा विपुल तोंडात गुळणी धरून बसलेला. ससे विकत घ्यायला रविवारी गिऱ्हाईक येणार होतं.

आज एका पिंजऱ्याची पाण्याची तोटी पांढऱ्या थरानं बुजली होती. दामिनीनं नळी उपसली, तोंडाला लावली आणि जोरात ओढली. थू! जिभेला चरचरलं. असलं खारट-कडू पाणी तिनं जन्मात चाखलं नव्हतं.

नळी शेडवरच्या टाकीतून आलेली, आणि टाकीत पाणी यायचं घराच्या भिंतीवरच्या, पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून. नळ आटला म्हणून उन्हाळ्यात ते बोअरवर बसवलं होतं. बोअर आधीच खारं. मशीन गोड पाणी घरात द्यायचं आणि सगळा खार दुसऱ्या नळीनं बाहेर फेकायचं. तीच नळी खुशालरावांनी सशांच्या टाकीला जोडली होती. मशीनचं पाणी म्हणजे शुद्धच, असं तीही समजली होती. आता तिचा नुसता भडका उडाला.

खुशालराव जेवायला बसले. तिनं टाकीतलं पाणी ग्लासात भरून पुढं ठेवलं. ठेच्याचा घास गिळून त्यांनी मोठा घोट घेतला आणि अंगणात भस्सकन थुंकले.

"हे काय व पाजून राहिली मले?"

"तुमीच जोडलेलं पाणी हाय, मामाजी. दुसऱ्या नळीचं."

"अवं, वाया जाऊन राहिलं होतं ते! कोसभरावरून डोक्यावर पाणी वायलं आमी. पाणी फेकाले जीव होत नाही."

"म्हणून माह्या सशाच्या पोटात फेकलं? अन् वरून माह्याच हाताले यश नाही!"

"दामिनी, हळू बोल," विपुल पुटपुटला.

"तुमी तर बोलूच नका! नळी लावतानी शिडी कोनं धरली होती?"

तिनं गोड पाण्याची भरलेली घागर कमरेवर घेतली.

"सूनबाई, तोंड जळून राहिलं. घोटभर तर ठेव!"

"आधी ससे पितीन. तुमाले थुकता तरी आलं, मामाजी. त्याइच्या पिंजऱ्यात दुसरं पाणीच नव्हतं."

शेडमध्ये तिनं वाट्या भरल्या. पिल्लं गमावलेली मादी पाण्यात तोंड घालून पीतच राहिली. दामिनीचे डोळे रागानंच भरून आले.

"अन् रविवारच्या त्या माणसाले सांगा," ती तिथूनच ओरडली, "येऊ नको म्हणा!"