पुढच्या चाकातली हवा

"मावशी, हे चाक तुम्हीच बसवलेलं," रेणुकानं सायकल दुकानाच्या पायरीला टेकवली. "आता मला चालवायचीय."

खुर्शीदानं सायकल ओळखली आणि हातातला पाना खाली ठेवला.

कामशेतला जुन्या हायवेच्या कडेला वडिलांचं सायकलचं दुकान ती एकटी चालवायची. घाटाकडं निघालेले हौशी सायकलवाले तिच्याकडं थांबत. रेणुकाचा नवरा प्रज्ञेश त्यांतलाच. गेल्या वर्षी त्यानं ट्यूब काढून चाकं ट्यूबलेस करून घेतली. त्याच्या रिमला चौकोनी बुडाचा व्हॉल्व्ह हवा होता. मागच्या चाकाला तो बसवला आणि संपला. दुकानात उरले ते गोल बुडाचे. "उद्या येतील," ती म्हणाली होती. "गोलच घाला की मावशी, उद्या सकाळी निघायचंय," म्हणून तो हसला होता. तिनं पुढं गोल बुडाचा बसवला, बारीक भोकं बुजवणारं पातळ सीलंट ओतलं, हवा भरली आणि चाक पाण्यात बुडवून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही.

दुसऱ्या दिवशी खंडाळ्याच्या घाटात उतारावर प्रज्ञेश पडला आणि जागीच गेला. सायकल उचलली तेव्हा पुढच्या चाकात हवा नव्हती. हवा आधी गेली की तो आधी पडला, हे बघायला तिथं कुणी नव्हतं.

खुर्शीदाला कुणी बोल लावला नाही. पण तेव्हापासून तिला हवा सुटल्याचा आवाज येई. नमाजात सजद्याला वाकलं की येई, भाकरी थापताना येई. मग ती उठून दुकानात टांगलेल्या एकेका चाकाला कान लावून बघे.

आता तिनं तो टायर सोडवला. आतलं सीलंट वाळून जुन्या सायीसारखं चिकटलं होतं. व्हॉल्व्ह जागच्या जागी होता.

"त्याच्यामुळं झालं का, मावशी?" रेणुकानं विचारलं.

नाही म्हटलं असतं तर दोघी सुटल्या असत्या.

"कळत न्हाई," खुर्शीदा म्हणाली. "आत्ता तर नीट बसलेला दिसतोय. पर बूड गोल हाय. जोराचा खड्डा लागला तर कडंनं हवा जाऊ शकती. गेली का न्हाई, ते आता कोन सांगनार?"

रेणुका पायरीवर बसली. "सगळे म्हणाले, नशीब. सासरे म्हणाले, फार जोरात चालवायचा. माहीत नाही असं कुणीच म्हणालं नव्हतं."

"पुन्यात मोटी दुकानं हायत. तितं न्या तुमी."

"नको. तुम्हीच बसवा."

"माजा हात न्हाई चालत याच्यावर."

"मग मला सांगा. मी बसवते."

खुर्शीदानं व्हॉल्व्हचा डबा पुढं सरकवला. रेणुका एकेक व्हॉल्व्ह रिमच्या खाचेत बसवून बघू लागली. तिसरा, चौकोनी बुडाचा, चपखल बसला. "वरचा नट पान्यानं न्हाई, बोटानंच आवळायचा. पान्यानं आवळला तर वाटेत पंक्चर झाल्यावर हातानं सुटत न्हाई," खुर्शीदानं सांगितलं. सीलंटच्या दोन बाटल्या होत्या. एकीचं झाकण उघडताच नाकात झणका गेला. "ही नको, रिमला खाती. दुसरी घे. पर उन्हाळ्यात हे बी वाळतं. दर दोन-तीन म्हयन्यांनी बघत जा." बोलता बोलता तिच्या तोंडून अगंतुगं आलं.

रुईच्या चिकासारखं पांढरं सीलंट आत गेलं. रेणुकानं पंप मारायला घेतला. टायर रिमवर चढताना ठाप्‌कन वाजला आणि दोघीही दचकल्या.

चाक पाण्यात बुडवलं. बुडबुडे आले नाहीत. तेव्हाही आले नव्हते.

"घरी पोचलीस की फोन कर," खुर्शीदा म्हणाली.

रेणुका तळेगावला राहायची. त्या दिवशी तिनं फोन केला. मग दर रविवारी सायकल काढली की करू लागली. कधी पवना धरणापर्यंत जाई, कधी नुसती कान्ह्यापर्यंत. "पोचले, मावशी," एवढंच बोले. तिचा फोन येईपर्यंत खुर्शीदा दुकान बंद करत नसे.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी रेणुकानं सकाळीच सांगितलं, "आज घाट उतरणार आहे."

दुपार झाली. खुर्शीदानं जेवणाचा डबा उघडला नाही. ऊन कलंडलं. आलेल्या गिऱ्हाइकांना तिनं दारातूनच परत पाठवलं. दिवेलागणीला फोन वाजला.

"पोचले, मावशी. खोपोलीत थांबले होते. जरा बसून राहिले."

"बरं," खुर्शीदा म्हणाली.

शटर ओढायला ती उठली, पण हात वर जाईना. शेजारचा चहावाला हौशीराम किटली ठेवून आला आणि त्यानं शटर खाली ओढलं.

"हात दुकतोय व्हय?"

"व्हय," ती म्हणाली आणि कुलूप त्याच्याच हातात दिलं.