बाहेर जाणाऱ्याची झडती

"कोणाकोणाचं बंद करू, काका?" मांडीवरच्या लॅपटॉपवरून मान न उचलता मुकुंदनं विचारलं. मनीषनगरातल्या निम्म्या घरांचं इंटरनेट त्याच्याच हातचं.

"सगळ्याइचं," महादेवराव म्हणाले.

"सगळ्याइचं काहून? राऊटरमधी प्रत्येकाचं नाव वेगळं दिसते. भूपेशदादाचा लॅपटॉप तेवढा अडवतो."

महादेवरावांचा मुलगा भूपेश खिडकीबाहेर पाहत होता, म्हणजे ऐकत होता. ऑनलाइन रमीनं त्याची नोकरी खाल्ली होती, आणि बायको माहेरी गेली होती. व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यावर त्यानं सिमचं नेट स्वतःच बंद करून घेतलं. पण नवं काम घरूनच, लॅपटॉपवर करायचं होतं. "वायफायचं तुम्ही पाहा, बाबा," तो म्हणाला होता. "माह्या हातात ठेवू नका."

माणूस त्यानं बरोबर निवडला होता. सारं जग आत येणाऱ्याला अडवतं. महादेवरावांची उभी नोकरी बाहेर जाणाऱ्याला अडवण्यात गेली. कन्हानकडच्या एका कारखान्याच्या फाटकावर ते पहारेकरी होते. तांब्याच्या तारेला पोळीखाली लपून घरी जायची सवय असते, म्हणून सुटीच्या वेळी प्रत्येकाचा डबा उघडला जाई. कामगाराचा, इंजिनिअरचा, आणि युनियनच्या अध्यक्षाचाही. यावर संप व्हायला हवा होता. झाला नाही, कारण रोज पहिला डबा महादेवराव स्वतःचा उघडत आणि हाताखालच्या माणसाला म्हणत, "पाह्य नीट." तो बिचारा भाजीसुद्धा चमच्यानं ढवळून पाही.

"पत्त्याच्या साइटी रोज नव्या निघून राहिल्या," मुकुंद म्हणाला. "एकेक नाव टाकून पुरत नाही. 'खेळ' हा अख्खा प्रकारच बंद करा लागते. पण मंग तुमचा कॅरमबी गेला."

कॅरम म्हणजे धोंडबा. त्याच फाटकावरचा जोडीदार. अर्धांगानं कन्हानला खाटेवर पडलेला. उजव्या हाताचं एक बोट तेवढं त्याचं ऐकायचं. रोज संध्याकाळी दोघं फोनवर कॅरम खेळत.

"तुमाले सूट देतो नं. एका बटनाचं काम."

"पयले माह्या फोनवर लाव," महादेवराव म्हणाले. "मंग त्याच्या लॅपटॉपवर."

"बाबा, धोंडबाकाका वाट पाहतीन," भूपेश म्हणाला.

"त्याले मी सांगतो."

मुकुंदनं नियम लावला. महादेवरावांनी आपला फोन मुलाच्या हातात दिला. "पाह्य, चालते काय."

भूपेशनं पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. "नाही चालत." मग कोणी न सांगता त्यानं आपला लॅपटॉप उघडून वडिलांपुढे सरकवला.

संध्याकाळी धोंडबाचा फोन आला. "काहून बे, हारायच्या भीतीनं बंद केलं काय?"

"घरचा कायदा हाय."

"मंग मी काय पंख्याकडं पाहत राहू?"

महादेवरावांनी कपाटावरचा खरा कॅरम बोर्ड काढला, पुसला, सोंगट्या मांडल्या आणि फोनचा स्पीकर लावून तो कडेला ठेवला. "सांग, कोणती मारू?"

दोन्ही बाजूंनी महादेवरावच खेळू लागले. धोंडबाच्या पाळीला नेम धरताना ते जास्त वेळ घेत. तरी नेम चुके.

"मुद्दाम चुकवून राहिला तू."

"माह्याबी चुकून राहिल्या नं गा."

"ते मले काय दिसते?"

खोलीतून भूपेश बाहेर आला. घरी परतल्यापासून तो कोणासमोर बसला नव्हता. त्यानं खुर्ची ओढली आणि बोर्डाच्या पलीकडे बसला.

"काका, तुमच्याकडून मी मारतो."

धोंडबा म्हणाला, "मार. कोपऱ्यातली काळी."

भूपेशनं स्ट्रायकर रेषेवर ठेवला. काचेवर सरकायला शिकलेलं बोट लाकडापाशी येऊन अडलं. त्यानं हात मागे घेतला, पुन्हा पुढे आणला.

"आरामानं मार," फोनमधून आवाज आला. "मी कुठं चाललो?"

महादेवरावांनी बोटाकडे पाहिलं नाही. पावडरची डबी उचलून, जिथं ती पुरेशी होती तिथंच त्यांनी आणखी थोडी भुरभुरली.