सात वर्षांचे गठ्ठे

कात्रीवाल्यांनी कपाटाच्या तळातून कात्रणांचा शेवटचा गठ्ठा ओढून काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि सातही गठ्ठे छातीशी धरून ते पंतप्रधानांच्या दालनाकडे निघाले. सकाळी विश्वासदर्शक ठरावात सरकार पडलं होतं. चार वाजता साहेब राजीनामा द्यायला जाणार होते. त्याआधी मनावरचं ओझं उतरवायचं होतं. ‘गप्प राहा, निवृत्तीला तीनच वर्षं उरलीत,’ असं बायकोने फोनवर दोनदा बजावलं, तरी त्यांना राहवलं नाही.

एकोणीस वर्षं त्यांचं काम एकच. सकाळी वर्तमानपत्रं चाळायची, कात्रणं कापायची आणि फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवायची. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले होते, ‘टीका वर लावा, कौतुक खाली.’ तेव्हा दिवसच तसे होते. साहेबांचा हात हातात घ्यायला माणसं धडपडायची. बाराव्या वर्षी कात्रण विभागाच्या वयस्कर प्रमुखांनी एक झोंबरा अग्रलेख सगळ्यात वर लावला. आठवड्याच्या आत त्यांची बदली झाली. कुणी कारण सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. त्या दिवसापासून कात्रीवाले शहाणे झाले. मोर्चे, लाठीमार, बंद पडलेले कारखाने, सगळं कपाटात जाऊ लागलं आणि फाइल बारीक होत गेली.

दालनात साहेब एकटेच होते. भिंतीवरच्या तसबिरी उतरवून झाल्या होत्या.

"साहेब, माझ्यामुळे झालं हे," गठ्ठे टेबलावर ठेवत कात्रीवाले म्हणाले. "सात वर्षं हे तुमच्यापासून लपवलं मी. वेळीच कळलं असतं तर..."

साहेबांनी वरचं कात्रण उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि खाली ठेवलं. दुसऱ्याचंही तेच केलं.

"वाचलंय हे."

"कुठे?"

"घरी. सगळे पेपर घरी येतात की. ते वाचून इथे यायचो आणि तुमची फाइल उघडायचो. आज तरी कुणी हे आणलंय का, बघायला."

कात्रीवाल्यांचे कान तापले. लाज वाटली, आणि पाठोपाठ रागही आला.

"मग आमच्या प्रमुखांची बदली कुणी केली?" या खोलीत त्यांनी आजवर प्रश्न विचारला नव्हता.

"मीच." साहेबांनी वरचा गठ्ठा सरळ केला. "नंतर नंतर तुमची फाइल वाचून बरं वाटायला लागलं. तेही खरंच आहे."

चार वाजत आले तसे ते उठले आणि कोटाची बटणं लावू लागले.

"उद्या नवे पंतप्रधान येतील. त्यांच्या फाइलमध्ये काय लावणार?"

"त्यांचा स्वभाव कसा आहे, ते आधी बघावं लागेल," कात्रीवाले सवयीने बोलून गेले.

साहेबांनी नुसती मान डोलावली. आपण काय बोललो हे कात्रीवाल्यांच्या लक्षात आलं, तोवर ते जिना उतरून गेले होते.