सभासद क्रमांक ४१२

ऑनलाइन प्रशिक्षणाच्या शेवटच्या पाठात मी शोधपेटीत 'शेती' हा शब्द टाइप केला आणि वाचनकक्षात बसलेल्या बारा वाचकांपैकी अकरा जण नाहीसे झाले. उरले एकटे बाळकृष्ण गोसावी. ते डाळिंबावरची पुस्तिका वाचत होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मोकळ्या बाकावर पाय पसरले आणि पान उलटलं.

पडद्यावर आमच्या प्रशिक्षक गार्गी मॅडम होत्या, वयाने माझ्या पुतणीएवढ्या. त्यांच्या भोवती छोट्या चौकटींत ठिकठिकाणचे अडतीस ग्रंथपाल बसले होते.

"मॅडम, माझे वाचक गेले," मी म्हणालो.

"गेले नाहीत काका, गाळले गेले. शोध अचूक झाला तुमचा. छान."

चूक माझीच असणार असं मला वाटलं. बहुतेक वेळा ती माझीच असते. पण कौतुक ऐकून मला राग आला.

नाव टाइप केलं की माणूस परत येतो, आणि नावाने आलेला पुन्हा गाळला जात नाही, हे थोड्या वेळाने लक्षात आलं. मी सभासदांची नोंदवही उघडली, आधी गोसावींचं नाव टाकून ठेवलं आणि मग एकेकाचं टाकत गेलो. प्रत्येक जण आपापल्या जागी, अर्धवट राहिलेल्या ओळीवर परत आला. गोसावींना पाय आवरावे लागले. दहा जण आले. अकरावं नाव माझ्याकडे नव्हतं.

खिडकीजवळच्या बाकाच्या टोकाला बसणाऱ्या बाई म्हणजे सभासद क्रमांक ४१२. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी भरलेला प्रवेश अर्ज महिनाभरात वाळवीने खाल्ला. नाव पुन्हा विचारायचं म्हणजे अर्ज सांभाळता आला नाही हे कबूल करणं. उद्या विचारू म्हणत राहिलो. मग इतके दिवस लोटले की विचारणंच अवघड झालं. नोंदवहीत मी नुसता क्रमांक लिहीत आलो.

पुस्तक आवडलं असेल तर परत करताना बाई तारखेची चिठ्ठी पानांतून बोटभर वर काढून ठेवत. नावडलं असेल तर चिठ्ठी आत. तेवढ्यावरून मी पुढचं पुस्तक निवडून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवी. आमच्यात याहून जास्त काही झालं नाही. पण रोज सकाळी कुलूप काढताना मी कोणासाठी काढत होतो, हे बाकाचं रिकामं टोक पाहून मला कळलं.

मी '४१२' टाकलं. निकाल शून्य.

"क्रमांकावर माणूस सापडत नाही, काका. काहीतरी वर्णन टाका."

मी 'चिठ्ठी बोटभर वर काढणारी' असं टाकलं. बाकावर तीन बाया उमटल्या. एकीच्या हातात भाजीची पिशवी होती.

"हे कुठलं गाव म्हणायचं?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"अगं बाई, एवढ्या लांब? माझा कुकर गॅसवर आहे."

"ह्या आमच्या नाहीत," मी मॅडमना म्हणालो.

"पण जुळतात ना?"

"जुळतात."

"मग निकाल बरोबरच आहे. यातली एक ठेवा आणि परीक्षा जमा करा. पाच वाजता आपोआप जमा होईल, मग जे असेल ते कायम."

माझे कान तापले. 'निळ्या पुठ्ठ्याचं, ज्यात ती शेवटी माहेरी जात नाही' एवढ्या खुणेवर मी पुस्तक शोधून दिलेलं आहे. ते सापडलं नाही म्हणून दुसरं एखादं निळं पुस्तक कोणाच्या हातात कोंबलेलं नाही. हे मी मोठ्याने सांगायला हवं होतं. त्याऐवजी वाचनालयाचा शिक्का उचलला आणि कोऱ्या कागदावर आपटत राहिलो. अडतीस ग्रंथपाल दचकले. मॅडमनी माझा माइक बंद केला.

तिन्ही बायांना मी नावं विचारली. अनोळखी बायकांना विचारताना काहीच वाटलं नाही. जिचं विचारायला हवं होतं तिला विचारायचं धैर्य मात्र एकोणीस वर्षं झालं नव्हतं. त्यांनी लगेच सांगितली आणि ती टाइप करून मी त्यांना आपापल्या गावी परत पाठवलं.

कार्यवाह भास्करराव तेवढ्यात आत आले.

"केळुसकर, प्रमाणपत्र आलं नाही तर आपलं वाचनालय 'ब' वर्गातून खाली जाईल. एका बाईसाठी अडून काय बसलात? माझा नातू एव्हाना पास झाला असता."

"मग नातवाला आणून बसवा."

मी असं बोललो याचं त्यांना आणि मला सारखंच आश्चर्य वाटलं.

पाचला चार मिनिटं होती. मी टाइप केलं: 'जिला मी एकोणीस वर्षांत नाव विचारलं नाही'.

बाई बाकाच्या टोकावर होत्या. बोट ओळीवर, चष्मा नाकावर घसरलेला. पडद्यावर निकाल दोन असे आले.

"एक त्या," गार्गी मॅडम म्हणाल्या, "आणि एक तुम्ही. शोधणाराच निकालात येतोय. त्याला गाळा, की झालं."

मी उठलो आणि बाकापाशी गेलो. वाचनकक्षात बोलायचं नाही हा नियम मीच लावला होता.

"बाई, एक विचारायचं होतं."

"विचारा की," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा जाड होता.

मी वाक्य मनात जुळवू लागलो. सभ्य वाटेल असं, अर्जाचा उल्लेख येणार नाही असं. मागे भास्करराव माझ्या खुर्चीत बसल्याचा आणि त्यांनी माइक सुरू केल्याचा आवाज आला.

"'गाळा' हेच दाबायचं ना, मॅडम?"

"हो. तेच."

आता मी पडद्याच्या आतून वाचनकक्ष पाहतो आहे. बाळकृष्ण गोसावी वाचताहेत. भास्करराव प्रमाणपत्र छापून आणायला गेले आहेत. बाई बराच वेळ बाकावर मान वर करून बसल्या होत्या, मी उभा होतो त्या जागेकडे पाहत. मग त्यांनी पुस्तक मिटलं. टेबलापाशी आल्या, नोंदवही चाळली. तिच्यात सभासदांची नावं आहेत, ग्रंथपालाचं नाही. मी हाका मारल्या. या बाजूचा माइक बंदच आहे.

त्या माझ्या खुर्चीत बसल्या, पडद्याच्या अगदी जवळ. चष्मा वर सारला आणि एका बोटाने, शोधत शोधत, कळ दाबली. माझ्यासमोर दाराएवढं अक्षर उमटलं. ते माझ्या नावातलं नव्हतं, कदाचित वर्णनातलं असेल. त्यांचं बोट दुसऱ्या कळेवर येऊन थांबलं होतं.